एका पेटीची दोन कुलुपं

माणूस परक्याला चोरून बघतो. तारकाकांवर मात्र सख्ख्या भावाला चोरून बघायची वेळ आली होती. चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात, एकात एक घातलेल्या बादल्यांच्या चळतीमागे ते उभे होते, आणि रस्त्यापलीकडे टेलिफोनच्या पेटीजवळ धाकटा उभा होता.

धाकटा उन्हात होता. खांद्याला नव्या कंपनीची पिशवी, हातात किल्ली. मधूनच तो रस्त्याच्या टोकाकडे मान वळवायचा, कारण दादा रोज तिकडूनच यायचा. दादा कधीचा येऊन समोरच्या दुकानात उभा आहे, हे त्याला कसं कळावं?

"काका, खिळे हवेत का स्क्रू?" दुकानदारानं विचारलं.

"बघतोय."

"कालही बघतच होतात. परवाही. आता माझा माल माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त पाठ झाला असेल."

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?"

"गिऱ्हाइकाशी नाही बोलत हो. गिऱ्हाईक काहीतरी घेतं."

काका गप्प झाले. पाय मात्र गप्प बसेनात. डाव्या पायावरचा भार उजव्यावर, उजव्यावरचा डाव्यावर, असं चाललं होतं. आता जावं, असं दर घडीला वाटायचं. आणि दर घडीला वाटायचं की अजून थोडं थांबू. शेवटी धाकट्यानं कपाळ पुसलं, पिशवी सावरली आणि तो निघून गेला. तेव्हा कुठे काका बाहेर पडले, पेटीपाशी गेले, इकडेतिकडे बघत स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, "गेला वाटतं! थोडा उशीर झाला आपल्याला." ऐकायला कोणी नव्हतं. तरी म्हणाले.

ही पेटी म्हणजे छातीएवढ्या उंचीचं करड्या रंगाचं लोखंडी कपाट. खालून तिच्यात टेलिफोनच्या मुख्य कचेरीची जाडजूड केबल शिरायची, आणि आतून वस्तीतल्या घराघराला तांब्याच्या बारीक तारांची एकेक जोडी जायची. ज्याच्या हाती पेटी, त्याच्या हाती वस्तीचं तोंड आणि वस्तीचे कान. वर्षानुवर्षं ती एकाच खात्याची होती, आणि खात्याच्या वतीनं तिची किल्ली तारकाकांच्या कमरेला. त्यांचं खरं नाव पगार देणाऱ्यालाच काय ते ठाऊक होतं.

तो काळच तसा होता. फोन फक्त सरकारी खात्याचा. अर्ज केला तेव्हा जे पोर पोटात होतं, ते फोन लागला तेव्हा त्यावर पहिलं बोललं, असा विनोद लोक करायचे, आणि त्यात विनोद फारसा नसायचा. फोन बंद पडला की तारकाकांना शोधत फिरायचं. काका दिसले की खुर्ची पुसली जायची, चहा यायचा, लग्नात पुढच्या रांगेत जागा राखली जायची. काकांनी कुणाकडून कधी पैसा घेतला नाही. पण "बघतो" असं म्हणताना त्यांना जे सुख व्हायचं, ते पैशात मोजता आलं नसतं.

मग सरकारनं कायदा बदलला. एकाच्याच हातात सगळं नको, दुसऱ्यालाही धंदा करू द्या, असं ठरलं. नवी कंपनी आली. दोघांत भांडण नको म्हणून वर एक नियामक मंडळ बसवलं. मंडळाचं म्हणणं साधं होतं. नव्यानं रस्ते खणून पुन्हा तारा टाकायला कंपनीला दहा वर्षं लागतील, तोवर ती मरेल. म्हणून पेटीपासून घरापर्यंतची तार खात्यानं कंपनीला भाड्यानं द्यावी. कुणाचा फोन घ्यायचा ते घरवाला ठरवील. आणि पेटीला खात्याचं आणि कंपनीचं, अशी दोघांची कुलुपं असावीत.

पण हुकूम काढणारे वेगळे आणि कुलूप लावणारे वेगळे. खात्याचे इंजिनिअरसाहेब आणि कंपनीचा एक अधिकारी पेटीपुढे उभे राहिले, आणि दोघांनी आपापलं कुलूप एकाच कडीत अडकवलं. दोघांनी ओढून बघितलं, दोघांनी हात मिळवले, चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की आता एकट्या कुणालाच पेटी उघडता येत नाही. दोन्ही किल्ल्या आल्या तरच दार उघडणार. मग ठरलं की रोज सकाळी दहाला दोन्हीकडचा माणूस हजर राहील.

"साहेब, हे जरा अवघडच झालं," काका म्हणाले होते.

इंजिनिअरसाहेब चष्मा पुसत होते. "कुणाला अवघड झालं, काका? आपले फोन तर सगळे लागलेलेच आहेत. नवे त्यांना लावायचेत." मग चष्मा चढवून हसले. "हजर राहा असं ठरलंय. वेळेवर राहा असं कुठे ठरलंय?"

काकांनी उभा जन्म खात्यात काढला होता. न बोललेलं ऐकू येण्याइतके त्यांचे कान तयार होते.

पण कंपनीनं या वस्तीसाठी माणूस नेमला तो धाकटा. हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. धाकटा म्हणजे काकांचा पाठचा भाऊ. ऐन उमेदीची सगळी वर्षं तो काकांच्या हाताखाली खात्यात रोजंदारीवर होता. शिडी त्यानं वाहिली, खांबांवर तो चढला, खड्ड्यात तो उतरला. "यंदा कायम करतील," असं दर वर्षी ऐकलं. दादालाही त्यानं विचारलं होतं, आणि दादानं त्यालाही "बघतो" म्हटलं होतं. शेवटी नव्या कंपनीनं त्याला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या छातीवर नाव लिहिलेला बिल्ला आला. मात्र अट होती. या महिनाअखेर वस्तीतले ठरलेले फोन सुरू झाले, तर तो कायम. नाही झाले, तर कंपनी ही वस्ती सोडणार, आणि वस्तीबरोबर त्यालाही.

महिना उतरणीला लागला होता. पेटी उघडली होती ती एकदोनदा.

दोघे भाऊ एकाच घरात राहायचे. खाली काका-काकू, वर धाकटा आणि त्याची बायको. मधे लाकडी जिना. संध्याकाळी काका जेवायला बसले की वर धाकट्याची पावलं ऐकू यायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तिथून परत.

"त्याचे पाय वर चालतात, तुमचे ताटावर हलतात," काकू म्हणाली. "दोघा भावांना एकच रोग झालाय की काय?"

"जेवू दे."

"जेवा की. मी कुठे हात धरलाय? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. तुम्ही तर एका जिन्यावर राहून करताय."

"मी काय वैर केलं? उशीर होतो कधीकधी. मला एकच काम आहे का?"

"अहो, सूर्य उगवायच्या आधी उठून अंगणात येरझाऱ्या घालणारा माणूस दहाच्या कामाला उशिरा पोचतो. हे मला नका सांगू, दुसऱ्या कुणाला सांगा."

तेवढ्यात धाकटा खाली आला. हातात रिकामी कळशी. नळ खालीच होता. त्यानं कळशी भरून घेतली. जाताना तो पहिल्या पायरीवर थांबला.

"दादा, उद्या दहाला ना?"

"हो हो. येतो की."

"ये. मी थांबतो."

एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर काकांना रात्री झोप लागली असती.

काकांना नेमकं काय होत होतं, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. भावाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पण परवाच चौकातल्या शिंपीणबाईंनी त्यांना वाटेत गाठलं होतं.

"काका, माझा फोन मी त्या नव्या कंपनीला देणार आहे. रागावू नका हं."

"मी कशाला रागावू? फोन तुमचा."

"नाही, आपलं सांगितलेलं बरं. ऐन लग्नाच्या दिवसांत माझा फोन मुका होता. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. तुम्हाला सांगायला आले, तर तुम्ही पुढच्या रांगेत बसून जेवत होतात."

बाई हसत हसत म्हणाल्या, पण सुई लागायची तिथे लागली. शिंपीणच ती. काकांना वाटलं, आज ही चालली, उद्या दवाखाना जाईल, परवा शाळा. मग चौकातून जाताना कुणी हाक मारणार नाही. पेटी राहील, किल्ली राहील, पण तिचं करायचं काय? गावचा पाटील रातोरात घरगडी व्हावा तसं ते होतं. आणि हे करायला येणार कोण, तर ज्याला पेटीतल्या तारा ओळखायला त्यांनीच शिकवलं तो.

म्हणून बादल्यांची चळत.

त्यानंतर दोनच दिवसांनी चौकातला पाण्याचा मोठा नळ फुटला. पाणी जमिनीतून वाट काढत केबलच्या भोकातून पेटीत शिरलं, आणि अर्ध्या वस्तीचे फोन एका दमात गेले. सगळे खात्याचे. इंजिनिअरसाहेब स्वतः धावत आले.

"काका, दवाखान्याचा फोन बंद आहे. वरून ओरडा आलाय. आत्ताच्या आत्ता उघडा."

काकांनी आपलं कुलूप काढलं. दुसरं तसंच लटकत राहिलं.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"कंपनीचं. हुकुमाप्रमाणे."

"मग बोलवा त्यांच्या माणसाला! फोन करा!"

"कुठून करू, साहेब?"

जमलेल्यांत हशा पिकला. हार्डवेअरवाला दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "साहेब, आता तुम्हीही आमच्या दुकानात या उभं राहायला! जागा आहे!" काकांनी मान खाली घातली. लोक जमत होते. कुणाला दवाखान्यात फोन करायचा होता, कुणाच्या मुलीचा परगावाहून फोन यायचा होता, आणि बरेचजण नुसतेच गंमत बघत होते. काकांना वाटलं, आता धाकटा येणार नाही. का यावं त्यानं? मी असतो तर आलो नसतो. मी नव्हतोच येत.

आणि धाकटा पळत आला. कुणी बोलावलं ते देव जाणे. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. आल्या आल्या त्यानं कुलूप काढलं, दार उघडलं, वाकून आत बघितलं, आणि म्हणाला, "दादा, खालच्या दोन्ही बाजू भिजल्यात. आधी पाणी उपसायला हवं."

मग दोघं भिडले. फडक्यांनी पाणी टिपलं. न्हाव्याच्या दुकानातून केस वाळवायचं यंत्र आणलं, हार्डवेअरवाल्यानं लांब वायर लावून दिली. धाकटा यंत्र धरायचा, काका तारांची टोकं साफ करून पुन्हा पिळायचे. "निळा-पांढरा," धाकटा म्हणायचा. "हं," काका म्हणायचे. "नारिंगी-पांढरा." "हं." जुन्या बैलजोडीला कासरा लागत नाही, तसं काम चाललं. बघताबघता काकांच्या पायांची चुळबूळ थांबली. कितीतरी दिवसांनी थांबली. धाकटा ज्या तारा वाळवत होता त्या सगळ्या खात्याच्या गिऱ्हाइकांच्या होत्या, त्याच्या कंपनीची एकही नव्हती. तरी एकही टोक त्यानं ओलं सोडलं नाही.

दवाखान्याचा फोन वाजला. लोक पांगले. इंजिनिअरसाहेब "शाब्बास काका" म्हणून गाडीत बसून गेले. धाकट्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

पेटी उघडीच होती. धाकट्यानं हात पुसले. पिशवीतून तारेचं एक लहान वेटोळं काढलं आणि जरा थांबून म्हणाला,

"दादा, उघडीच आहे तर माझी चारपाच जोडून घेऊ का? शिंपीणबाईंची तरी?"

आता यात काय होतं? दार उघडं, दोघं हजर, दिवस उजेडाचा. पण काकांच्या तोंडून शब्द निघाले, आणि निघताना ते शब्द आपलेच आहेत हेही त्यांना धड कळलं नाही.

"साहेबांना विचारावं लागेल."

इतकी वर्षं जो येईल त्याला हेच सांगितलं होतं. जीभ त्याच रुळावरून गेली, आणि गेल्यावर परत ओढता येईना.

धाकट्यानं वेटोळं पिशवीत ठेवलं. "बरं," म्हणाला. दार लोटलं, आपलं कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि गेला. या खेपेला "उद्या दहाला ना?" असं त्यानं विचारलं नाही.

त्या दिवशी काका दुपारी जेवायला घरी गेले नाहीत. या गल्लीतून त्या गल्लीत फिरत राहिले. प्रत्येक खांबाशी थांबायचे, वर बघायचे, पुढे जायचे. लोकांना वाटलं, काका तारा तपासताहेत. पाय थकले पण बसवेना. दुपार कलल्यावर कचेरीत गेले, तर साहेबांनी आत बोलावून घेतलं आणि दार लावलं.

"काका, उद्या मंडळाच्या बाई येताहेत. कंपनीनं तक्रार ठोकलीय, की आपण मुद्दाम पेटी उघडत नाही." साहेब टेबलावर बोटं वाजवत होते. "घाबरायचं काही नाही. तुम्ही एवढंच सांगायचं, की तुम्ही रोज जाता. त्यांचाच माणूस जागेवर नसतो."

"साहेब, तो माझा भाऊ आहे."

"म्हणून तर! तुम्ही भावाच्या विरुद्ध खोटं कशाला बोलाल? बाईंना लगेच पटेल."

काकांना वाटलं, या माणसाचं शिक्षण फुकट नाही गेलं.

संध्याकाळी ते जिना चढून वर गेले. कित्येक महिन्यांत चढले नव्हते. धाकटा जमिनीवर बसून पक्कड, चिमटे, स्क्रूड्रायव्हर एकेक पुसून कापडात गुंडाळत होता. त्याची बायको काकांना बघून पदर सावरत आतल्या खोलीत गेली. नेहमी "या भावोजी" म्हणायची. आज म्हणाली नाही.

"हे काय करतोस?"

"कंपनीची हत्यारं आहेत. परत करावी लागतील. सवयीनं पुसून देतो."

"महिना अजून संपला नाही."

"दादा, उरलेल्या दिवसांत काय होणार ते तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे."

काका उंबऱ्यातच उभे राहिले. "उद्या त्या बाई येणार. तुला विचारतील."

"विचारतील."

"काय सांगणार आहेस?"

धाकट्यानं चिमटा पुसायचा थांबवला नाही. "तक्रार कंपनीची आहे, माझी नाही. मला विचारलं तर सांगेन, की दादा येतो. कधी त्याला उशीर होतो, कधी मला होतो. चुकामूक होते."

"असं सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल."

"आणि खरं सांगितलं तर तुझी जाईल. म्हातारपणी माझ्यामुळे तुझं पेन्शन अडकलं, हे ओझं मला नको. मला काय, अजून खांबावर चढता येतं. कुठेही जाईन."

काकांना भांडायचं होतं. हा भांडू देत नव्हता. ते खाली आले. काकूनं ताट वाढलं होतं, तसंच झाकून ठेवलं. काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं होतं.

सकाळी चौकात बरीच मंडळी होती. मंडळाच्या बाई साध्या निघाल्या. उन्हासाठी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, पायांत धुळकटलेली चप्पल. इंजिनिअरसाहेब होते, कंपनीचा अधिकारी होता, धाकटा होता. हार्डवेअरवाला आणि शिंपीणबाई आपापल्या दुकानाच्या पायरीवर. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

बाईंनी काकांना म्हटलं, "तुमची किल्ली द्या बरं." स्वतः कुलूप काढलं. दार ओढलं. उघडलं नाही. मग त्यांनी वाकून कडी बघितली.

"दोन्ही एकाच कडीत?"

"हुकुमाप्रमाणे दोन कुलुपं आहेत, मॅडम," साहेब म्हणाले.

"हुकुमाचा मसुदा मीच केला होता. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे असं नव्हतं हो." बाईंचा चेहरा जरा उतरला. "दोघांपैकी कुणालाही उघडता यावं म्हणून दोन कुलुपं. इथे तर कुणालाच उघडत नाही. चूक माझीही आहे. बरं, ते पुढे बघू." त्या धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही रोज दहाला येता?"

"येतो, बाई. कधी उशीर होतो मला. दादालाही होतो. चुकामूक होते."

कंपनीच्या अधिकाऱ्यानं कपाळाला हात लावला. "अरे, काय बोलतोयस तू?"

बाईंनी काकांकडे बघितलं. "बरोबर आहे का हे?"

साहेब खाकरले. काकांना तो खाकरा ऐकू आला. न बोललेलंही ऐकू आलं. फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की सगळं जिथल्या तिथे. पेटी आपली, वस्ती आपली, पेन्शन आपलं. धाकटा हत्यारं गुंडाळून चाललेला. त्यांनी पाय बदलला. पुन्हा बदलला.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"मला उशीर नाही होत. मी दहाच्या आधीच येतो. आणि त्यालाही कधी उशीर झालेला नाही. तो इथे उभा असतो. मी तिथे उभा असतो." त्यांनी हात करून दुकान दाखवलं. "बादल्यांच्या मागे. तो जाईपर्यंत."

मग पायरीवरून हार्डवेअरवाला म्हणाला, "खरं आहे बाई. एक खिळासुद्धा घेतला नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. शिंपीणबाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"तुम्हाला असं करायला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

काकांनी साहेबांकडे बघितलं. साहेब पांढरेफटक पडले होते. त्यांनाही पोरंबाळं होती.

"हे सांगावं लागत नाही, बाई. इतकी वर्षं एकच किल्ली होती, आणि ती माझ्याकडे होती. मला कुणी सांगायला कशाला हवं?"

बाईंनी मान हलवली. त्यांना किती कळलं आणि किती त्यांनी न कळल्यासारखं केलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. "निकाल मंडळ देईल," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही जाब विचारला जाईल, काका. त्यातून सुटका नाही. पण कंपनीला महिनाभर मुदत वाढवून द्यायला सांगते. आणि ही कुलुपं मात्र आत्ता बदलायची. माझ्यादेखत."

"पण कशी?" कंपनीच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

बाईच हार्डवेअरवाल्याकडे वळून म्हणाल्या, "साखळी आहे का हो तुमच्या दुकानात?" आणि त्यांनी स्वतः साखळी दाराच्या कडीतून ओवली. एका टोकाला खात्याचं कुलूप, दुसऱ्या टोकाला कंपनीचं, आणि दोन्ही कुलुपं एकमेकांच्या कडीत अडकवली. कुठलंही एक काढा, साखळी सुटते. "आमच्या बिऱ्हाडाच्या फाटकाला असं होतं," त्या म्हणाल्या. "वरची भाडेकरीण आणि खालची भाडेकरीण एकमेकींशी बोलत नसत."

साखळीची किंमत द्यायला काकांनी खिशात हात घातला, तर दुकानदार म्हणाला, "राहू द्या काका. एवढ्या दिवसांचं भाडंही मी घेतलेलं नाही."

सगळे गेल्यावर दोघे भाऊ पेटीपाशी राहिले.

"दादा, मी काही सांगणार नाही म्हटलं होतं ना?"

"तू नाहीच सांगितलंस."

"मग तू कशाला सांगितलंस?"

"पाय दुखायला लागले रे उभं राहून." काकांनी कमरेची किल्ली चाचपली. "आधी शिंपीणबाईंचा जोड. फार बोलते ती."

इथे गोष्ट संपली असती तर काकांना बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. खात्याकडून त्यांना जाब विचारणारं पत्र आलं. साहेब त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले, तेही भिंतीकडे बघून. आणि चौकातून जाताना कधीही बघावं तर पेटी उघडी, आणि आत वाकलेली धाकट्याची पाठ. पहिल्या दिवशी काकांची पावलं आपोआप तिकडे वळली. "कुणी उघडली?" असं ओठावर आलं. मग ते तसेच पुढे गेले. एका हाकेची सवय झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या नावाची हाक ऐकायला वेळ लागतो. चौकात आता लोक धाकट्याला हाक मारायचे. "अहो कंपनीवाले, आमचं कधी?" धाकटा म्हणायचा, "उद्या सकाळी." आणि खरोखर उद्या सकाळी जायचा. काकांना हे मोठं विचित्र वाटायचं.

शिंपीणबाई गेल्या. शाळा गेली. दवाखान्यानं दोन्हीकडचे फोन ठेवले. काकांना घरी बसवेना, कचेरीत बसवेना. काकू म्हणाली, "अहो, आता तर तुम्ही खरं बोललात. आता काय टोचतंय?"

"काही नाही. जरा बाहेर जाऊन येतो."

बाहेर जाऊन करायचं काय, ते ठरलं नव्हतं. मागच्या गल्लीत निवृत्त मास्तरांचं घर होतं. खात्याचा फोन, जुना. काका दारापुढून एकदा गेले. परत आले. पुन्हा गेले. मग त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. कुणी बोलावलेलं नसताना एका गिऱ्हाइकाच्या दाराची कडी वाजवली.

मास्तरांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "तारकाका? तुम्ही? अहो, बिल तर मी परवाच भरलं!"

"बिलाचं नाही, मास्तर."

"मग? लाइन तोडताय की काय?"

"नाही हो. आपलं विचारायला आलो..." शब्द जड होते, कधी उचललेले नव्हते. "तुमचा फोन नीट चालतोय ना?"

मास्तरांनी काकांच्या खांद्यावरून मागे बघितलं, कुणी बरोबर आहे का ते. कुणी नव्हतं. मग ते हळूच, एखादी नको ती गोष्ट बोलावी तसे म्हणाले, "खरं सांगू का? खरखर फार येते. मुलगा तिकडून काय बोलतो, अर्धं कळत नाही."

"कधीपासून?"

"झाली असतील तीनचार वर्षं."

"मग सांगितलं का नाही?"

मास्तर नुसतेच हसले. काकांनी चप्पल काढली, आत गेले, फोन कानाला लावला. खरखर होती. खिडकीवरून भिंतीकडे जाणारी तार त्यांनी नजरेनं धरली. वरचा जोड काळा पडला होता. एवढंसं काम.

तेवढ्यात खिडकीतून त्यांना शेजारच्या घराच्या दारात धाकटा दिसला. तो कडी वाजवत होता. दार उघडलं गेलं, धाकटा हसून काहीतरी बोलला, आणि बोलता बोलता त्यानं मास्तरांच्या घराकडे नजर टाकली.

"मास्तर," काका म्हणाले, "स्टूल आहे का घरात? जरा लवकर द्या."